जर्मनचं बक्कल

दाजी, परवा तुमचा तेरावा झाला. पंगती उठल्या, मांडववाले बांबू सोडायला लागले. अक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती आणि मी ओट्यावर खुर्च्या एकात एक घालत होतो. बायकोचा धाकटा भाऊ म्हणजे फुकटचा हमाल, हे तुमचंच वाक्य. तेवढ्यात एक उंच, पाठीत वाकलेले गृहस्थ पायऱ्या चढून आले. संगमनेरकडचे गुंजाळ. फौजेत तुमच्याबरोबर वर्कशॉपात होते, तुम्ही फिटर आणि ते वेल्डर. बातमी त्यांना उशिरा कळली होती.

ते तुमच्या फोटोपुढे हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. फोटोखाली लाल मखमलीच्या तुकड्यावर अक्कानं आपलं ते बक्कल ठेवलं होतं, बोटभर लांबीची पांढरट पट्टी, तिच्यावर एफ. डब्ल्यू. आणि पुढे तीन उभ्या रेघा. गुंजाळांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आयला, हे अजून हाय व्हय?" ते म्हणाले.

"हे ओळखता तुम्ही?" मी विचारलं.

"आमचं की. रस्सीखेचीचं. आमी जिंकलो तवा आट जनांना आट केली हुती. ह्यांनीच कापली पत्र्यातनं आन् ह्यांनीच वर अक्षरांचं पंच ठोकलं. फील्ड वर्कशॉप, तिसरी तुकडी. आकड्यांचा पंच त्या दिवशी घावंना, म्हनून मंग इंग्रजी आय तीनदा मारला. माझं पोरांनी कुठं घातलं कुनास ठाऊक."

मी खाली बघत होतो. मखमलीशेजारी माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती. 'प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने सुरू केलेले, नऊ वर्षांच्या सैनिकी सेवेचे बक्कल.' गुंजाळांनी ती वाचली, परत एकदा वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. माणूस सभ्य. "आसंल बाबा, दुसरं आसंल," म्हणाले, अर्धा कप चहा घेतला आणि निघून गेले.

आता माझी अडचण तुम्हीच बघा. पुढच्या महिन्यात वाचनालयात माझं भाषण आहे. 'नगरमधले प्रशियन पदक' असा फलक लागलासुद्धा. फलकावर बक्कलाचा फोटो आहे. तुम्ही कोट घालून पहिल्या रांगेत बसणार होता आणि शेवटी उभं राहून बक्कल लोकांना दाखवणार होता. भिंगारमध्ये तुम्हाला लोक 'जर्मन दाजी' म्हणतात, दहाव्याला आलेल्या न्हाव्यानंही तेच नाव घेतलं. मी गप्प बसलो तर भाषणात धडधडीत खोटं बोलायचं. तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवून शेवटी हे करायचं? आणि खरं सांगितलं तर लोक हसणार, आणि मला हसले तर हसू देत, पण पंधरवड्यापूर्वी गेलेल्या माणसाला हसणार. अक्काला काय वाटेल? तेरा दिवस ती त्या पट्टीवरची धूळ पदरानं पुसते आहे.

तुम्ही स्वतः कापलेली पट्टी, दाजी! साडेआठ वर्षं दर रविवारी मी तुम्हाला तिचा इतिहास सांगत होतो आणि तुम्ही मान हलवत होता.

सगळं त्या ट्रंकेपासून सुरू झालं. सुमन जाऊन आठ महिने झाले होते. मी शाळेतून निवृत्त झालो आणि दोन महिन्यांत बायकोच गेली. सावेडीच्या घरात मी दारं लावून बसायचो. अक्का फोन करायची, मी उचलायचो नाही. एका रविवारी तुम्ही स्कूटरवरून आलात आणि बूट न काढताच म्हणालात, "मास्तर, चल. ट्रंक आवरायचीय. कागद समदे इंग्रजीत हायत, मला काय कळंना." सतरा वर्षं फौजेत आणि पुढे बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेल्या माणसाला स्वतःचे कागद कळत नव्हते, हे तेव्हा मला खरं वाटलं. दुःखात माणूस जरा मठ्ठ होतो.

ट्रंकेत तुमचं नऊ वर्षांच्या नोकरीचं पदक होतं, मोज्यात गुंडाळलेलं. मी म्हटलं, हे असं का ठेवलंत? तुम्ही म्हणालात, "त्यात काय? पळून न्हाई गेलो म्हनून दिलं." त्या मोज्याखाली ही पट्टी होती. मी ती उजेडात धरली आणि विचारलं, "हे कशाचं हो?"

"जर्मनचं हाय," तुम्ही म्हणालात आणि कागदांत डोकं घातलंत.

बस. एवढंच झालं. मी ती पट्टी खिशात घालून घरी नेली. जर्मनचं, आणि वर एफ. डब्ल्यू. तीन. मोबाईलवर शोधता शोधता एका जागी मला ती अक्षरं सापडली. प्रशिया. अठराशे पंचवीस साल. राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म यानं साध्या शिपायांसाठी आणि हवालदारांसाठी सेवेची बक्कलं काढली. नऊ वर्षांना काळ्या लोखंडाचं, पंधरा वर्षांना चांदीचं, एकवीस वर्षांना सोनेरी मुलाम्याचं. अधिकाऱ्यांना पंचवीस वर्षांनी क्रॉस. आणि बक्कलावर राजाची आद्याक्षरं, एफ. डब्ल्यू. तीन! पहिल्या महायुद्धात नगरला जर्मन कैद्यांची छावणी होती हे मी दरवर्षी नववीच्या वर्गात सांगत आलो होतो. दोन आणि दोन चार झाले. त्या आठवड्यात मी नीट झोपलो नाही, पण सुमन गेल्यापासून पहिल्यांदा झोप न लागण्याचं कारण वेगळं होतं.

पुढच्या रविवारी मी स्वतःहून भिंगारला आलो. तुम्ही ओट्यावर सायकलची चेन धूत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, राजा, बक्कल, कैदी, छावणी. तुम्ही म्हणालात, "आरं मास्तर, ते तर..." आणि थांबलात. घोडेगावच्या बाजारात बैल पारखतात तसं मला खालपासून वरपर्यंत पाहिलंत. मग हात फडक्याला पुसले आणि म्हणालात, "कुठला राजा म्हनलास?"

मला तेव्हा वाटलं होतं, 'ते तर भंगार हाय' असं काहीतरी तुम्ही म्हणणार होता.

त्यानंतर रविवार लागले. सकाळी नऊला मी यायचो, दुपारी अक्काच्या हातची शेंगोळी खाऊन परत जायचो. मला जर्मन येत नाही, तुम्हाला तर नाहीच नाही. मोबाईल जे भाषांतर करून देईल ते मी वहीत उतरवायचो आणि तुम्हाला वाचून दाखवायचो. त्या पदकाचं जर्मन नाव इतकं लांब होतं की तुम्ही म्हणालात, "येवढं नाव घेस्तवर नऊ वर्सं व्हत्याल." मी त्याला 'सेवाचिन्ह' असा शब्द केला. तुम्हाला तो पसंत पडला नाही. पोलिसांचा बक्कल नंबर असतो, कमरेला बक्कल असतं, मग ह्याला बक्कलच म्हणायचं, हा तुमचा हट्ट. मी वहीत शेवटपर्यंत 'सेवाचिन्ह' लिहिलं आणि बोलताना मात्र बक्कलच म्हणत राहिलो.

आपलं भांडण पहिल्या महिन्यापासून एकच होतं. माझं म्हणणं, त्या राजानं मोठं काम केलं. तोवर बिल्ले मिळायचे ते शौर्याला. हा माणूस म्हणाला, जो रोज उठला, रोज कवायत केली, नऊ वर्षं कुठे गेला नाही, त्यालाही छातीवर काहीतरी हवं. तुमचं म्हणणं उलटं. "मास्तर, मानूस राहतो कारन त्याला दुसरीकडं जागा नसती. घरी कर्जतला चार एकर कोरडवाहू आन् तीन भाऊ. मी काय राजासाठी राहिलो व्हय?" मी म्हणायचो, कारण काही का असेना, राहिलात ना? तुम्ही म्हणायचात, "मंग बैलाला बी द्या की बक्कल. त्यो बी राहतो." हे भांडण आपण साडेआठ वर्षं न थकता केलं.

एकदा मी वाचून दाखवलं की तिथं लढाईतलं वर्ष दुप्पट धरत. तुम्ही लगेच हिशोब मांडला. "आसं आसंल तर आमची बर्फातली वर्सं तिप्पट धराय पायजेत." आतून अक्काचा आवाज आला, "आन् मी हितं सासूसासरं आन् गुरं घेऊन काढली ती?" तुम्ही हसायला तोंड उघडलंत आणि मिटलंत. मी वहीची पानं उलटून पाहिली. राजाच्या कुठल्याच फर्मानात त्याचं उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारपासून चहा तुम्ही करायला लागलात. साखर जास्त पडायची, अक्का नाक मुरडून प्यायची, पण उठायची नाही.

तुमच्या थट्टेला माझा पेशा आयताच सापडला. प्रशियात म्हणे निवृत्त, पांगळे शिपाई खेड्यात मास्तर म्हणून नेमायचे. हे ऐकून तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "म्हंजी आमचं काय मोडलं की तुमची नोकरी!" शेजारच्या किराणावाल्याला बोलावून हे सांगितलंत. नंतर कुणी मला 'मास्तर' म्हटलं की तुम्ही विचारायचात, "पाय कुठला मोडलाय?"

आणि ती चौथ्याची गोष्ट. मी वाचलं की तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मनंतर त्याचा मुलगा आला, त्याचंही नाव फ्रीडरिश विल्हेल्म, आणि त्यानं राखीव सैनिकांसाठी निळ्या फितीत अक्षरं विणलेलं वेगळं चिन्ह काढलं, एफ. डब्ल्यू. चार. मी मान वर केली तर तुम्ही लाल झाला होता. "चौथी बी हुती व्हय?" एवढं म्हणालात आणि जो ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतून पाणी, हातातला कप हिंदकळतोय, अक्का पाठीवर चापट्या मारतेय. मला वाटलं चहा चुकीच्या वाटेनं गेला. पाच मिनिटांनी तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "वाच, वाच. लई चांगलं हाय."

बक्कल तुमच्या खिशात फिरायला लागलं. सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात. माझ्यापेक्षा तुम्ही ते छान सांगायचात. छावणीतला एक जर्मन हवालदार तुम्हीच तयार केलात, त्याला हान्स नाव दिलंत आणि त्याला भिंगारच्या एका गवळ्याचा मित्र केलंत. आजारपणात त्या गवळ्यानं तारेच्या कुंपणातून दूध दिलं, म्हणून हान्सनं छातीवरचं बक्कल काढून त्याला दिलं. मी चिडायचो. पुरावा काय, दाजी? इतिहास असा करता येत नाही. तुम्ही म्हणायचात, "तू राजा संभाळ, हान्स माझा हाय."

वहीतली एक गोष्ट मला या पंधरा दिवसांत सारखी आठवते. तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म अठराशे चाळीसला मेला. पण बक्कलावरची त्याची अक्षरं कुणी बदलली नाहीत. पुढे राजे आले आणि गेले, शिपाई नव्या राजाची चाकरी करायचे आणि छातीवर जुन्याचं नाव लावायचे. हे सत्तर वर्षांहून जास्त चाललं. एकोणीसशे तेराला नवी पदकं आली, नऊ वर्षांना एक, बारा वर्षांना एक आणि पंधराला क्रॉस, आणि पाच वर्षांत राजेशाहीच बुडाली. त्यावर तुम्ही म्हणाला होता की मोडायला आलेलं घर आधी रंगवून घेतात. मी त्यावर हसलो होतो. आता वाटतं, ते जुन्या अक्षरांचे शिपाई बरे होते. मेलेल्या माणसाचं नाव छातीवर लावून कामाला जायचं, एवढंच त्यांना करायचं होतं.

दाजी, मी तुम्हाला जाब विचारणार होतो. स्वतः कापलेली पट्टी, स्वतः मारलेले पंच, आणि एक शब्द बोलला नाहीत, का? पण हा प्रश्न विचारायला मला तोंड नाही, आणि गुंजाळ बोलत होते तेव्हा मी खाली का बघत होतो तेही आता सांगून टाकतो.

मला माहीत होतं. दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं.

तो रविवार शेंगोळीचाच होता. अक्का आतून तुमच्यावर ओरडली, "त्या जर्मनच्या पातेल्यात नका टाकू, करपतंय! पितळी घ्या." मी वही लिहीत होतो. पेन थांबलं. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची ताटली. आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात, लहानपणापासून मी त्याच जर्मनच्या ताटलीत जेवलो होतो. 'हे कशाचं' असं मी विचारलं आणि तुम्ही धातू सांगितलात. आणि मी, इतिहासाचा शिक्षक, थेट बर्लिनला जाऊन पोचलो.

तरी मी झगडलो. खरं बक्कल काळ्या लोखंडाचं, आपलं पांढरट आणि हलकं. शोधलं तर असं निघालं की राजानं बक्कल काढलं त्याच साली ॲल्युमिनियम पहिल्यांदा प्रयोगशाळेत वेगळं करता आलं. त्या धातूची बक्कलं शिपायांना वाटणं शक्यच नव्हतं. मग मी मनाशी म्हटलं, छावणीतल्या एखाद्या कैद्यानं आठवण म्हणून नक्कल केली असेल. स्वतःची फजिती झाकायला माणूस काय काय पुरावे गोळा करतो! पुढच्या महिन्यात तुम्ही मला ट्रंकेतून पाना आणायला सांगितलंत आणि पान्याखाली तो फोटो होता. दोर धरून बसलेले आठ जवान, आठांच्या कमरेला तीच पट्टी, समोर 'फील्ड वर्कशॉप, तिसरी तुकडी' अशी पाटी. तुम्ही डावीकडून तिसरे, मिशा काळ्या, छाती फुगवलेली. मी फोटो जिथं होता तिथं ठेवला, वर पाना होता तसा आडवा ठेवला, दुसरा पाना उचलला आणि बाहेर येऊन सांगितलं, हाच मिळाला.

का बोललो नाही? पहिल्यांदा लाजेनं. शाळेत एवढी वर्षं मी पोरांना सांगत आलो की आधी साधन तपासा, मग निष्कर्ष काढा. पण नंतर कारण बदललं. तुम्ही सलूनमध्ये हान्सची गोष्ट सांगत होता आणि मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. तुमचा आवाज चढला होता, माणसं वर्तमानपत्रं खाली ठेवून ऐकत होती. सतरा वर्षं फौजेत काढून तुम्ही फौजेची एक गोष्ट कधी कुणाला सांगितली नव्हती. मला वाटलं, तुम्ही ट्रंकेतली वस्तू विसरला असाल, माझ्यामुळे तुम्हाला ती खरीच राजाची वाटते आहे, आणि आता मी हे मोडलं तर तुम्ही परत ओट्यावर चेन धूत बसाल. म्हणून दर रविवारी मी राजा घेऊन येत राहिलो. वाचनालयातलं भाषणही तुम्हाला कोट घालून पहिल्या रांगेत बसता यावं म्हणूनच कबूल केलं. नवा मजकूर संपला तेव्हा बव्हेरिया काढला, सॅक्सनी काढलं, वुर्टेंबर्ग काढलं. तिथल्या राजांनीही अशीच सेवापदकं काढली म्हणून मी त्या राजांचा आजन्म ऋणी आहे.

शेवटचा रविवार दवाखान्यातला. तुम्ही खूप हळू बोलत होता. मी वही नेली होती, वाचलं काहीच नाही. तुम्ही म्हणालात, "मास्तर, आपली नऊ वर्सं भरायला किती राहिली?"

मी म्हटलं, "सहा महिने."

"भरली की तुला एक करून देतो."

करून देतो म्हणालात, आणून देतो नव्हे. फिटरच्या तोंडचा शब्द. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्या क्षणी आपल्या दोघांनाही सगळं कळलं होतं. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, 'पंच आहे का अजून?' तेवढं विचारायला हवं होतं. पण मी म्हटलं, "चहा आणू का?" तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत. मी चहा आणायला गेलो, परत आलो तर तुम्हाला झोप लागली होती. मंगळवारी तुम्ही गेलात.

आज सकाळी मी अक्काकडे गेलो. मनाची पुरी तयारी करून गेलो. ती फोटोपुढे बसली होती. मी म्हटलं, "अक्का, एक सांगायचंय. हे बक्कल जर्मन राजाचं नाही."

"मला काय सांगतूस?" ती म्हणाली. "पत्रा कापताना ह्यांचा अंगठा कापला हुता, सुट्टीवर आल्यावर मीच हळद बांधली."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बोलू देत हुते व्हय? तू पयल्यांदा ते राजाचं सांगून गेलास ना, त्याच दुपारी मला म्हनले, मास्तर आट म्हैन्यांनी दाढी करून आलाय. तू मधी एक शब्द काढू नको."

मी तिच्याशेजारी बसलो. मग तिला पातेल्याचं सांगितलं, ॲल्युमिनियमचं सांगितलं, पान्याखालच्या फोटोचं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हंजी तुला बी ठावं हुतं?"

"सात वर्षं झाली."

"आन् त्यांना वाटायचं तुला न्हाई ठावं."

"आणि मला वाटायचं ते विसरलेत."

अक्कानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. पण तिचे खांदे हलत होते ते हसण्यानं. "आगं आई," ती म्हणत होती, "आगं आई, आन् मी दर रविवारी शेंगोळ्या वळतीय ह्यांच्यासाठी!" मग मलाही आवरेना. तेरावं होऊन दोन दिवस झालेलं घर, समोर तुमचा हार घातलेला फोटो, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ म्हातारपणी पोट धरून हसतोय. शेजारची बाई काय झालं म्हणून दारात येऊन बघून गेली. आम्ही तिला काय सांगणार?

भाषणाचं विचारलं तर अक्का डोळे पुसत म्हणाली, "खरं सांग की. हसू दे लोकांना. हसले तर बरंच हाय, ह्यांना आवडलं आसतं." मी खरंच सांगणार आहे. राजा खरा, वर्षं खरी, लोखंड आणि चांदी खरी, आणि ही पट्टी रस्सीखेचीची. हान्स मात्र ठेवणार आहे. तो तुमचा आहे, त्याला हात लावायचा मला अधिकार नाही.

एवढं सगळं सुटलं दाजी, पण एक सुटत नाही. तुम्ही मला जपलंत, मी तुम्हाला जपलं, लोक म्हणतील किती गोड. मला ते गोड लागत नाही. साडेआठ वर्षांतला एक रविवार, फक्त एक, कुणीतरी कुणाला पकडायला हवं होतं. मी तो फोटो घेऊन ओट्यावर यायला हवं होतं. तुम्ही मला गाढव म्हणायला हवं होतं, मी तुम्हाला लबाड म्हणायला हवं होतं, आणि मग आज अक्काबरोबर हसलो तसं आपण दोघांनी हसायला हवं होतं, अगदी धाप लागेपर्यंत. चौथ्या फ्रीडरिशच्या दिवशी तुम्ही एकटेच हसलात, ठसका म्हणून. आज मी हसलो, आणि तुम्ही नव्हता.